इथली फट

सुगत नगराळे, नववी ब,
मामाच्या मोपेडवर मागं बसून आला,
मांडीवर चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट,
ताप भरलेल्या लेकरासारखं.
म्हणाला, "भाऊ, घोडा फाटून राह्यला."

मी वडनेरच्या फाट्यावर सातबारा काढून देतो,
झेरॉक्स, आधारची पावती,
लग्नपत्रिकेवर गणपती बसवतो.
घोडे कधी दुरुस्त केले नव्हते.

मॉनिटर लावला.
बर्फाचा डोंगर, डोंगरावर घोडा,
आणि त्याची आयाळ एका टोकाला धरून
कोणीतरी आभाळाच्या कोपऱ्यापर्यंत ओढून नेलेली.
काळे त्रिकोण. लुकलुकणारे.
तळं गुलाबी, रंगपंचमीनंतरच्या मोरीसारखं.
माणसांना चेहरे नाहीत; नुसते डोळे आणि दातांच्या ओळी
हवेत उभ्या राहून बोलतात, या पाहुणे, बसा.

"कवापासून?"
"परीक्षा संपली तवापासून. म्या काईच नाई केलं."

आधी ड्रायव्हर. नवा काढला, जुना टाकला,
मग जुन्याहून जुना.
सावल्या बंद केल्या: घोड्याची सावली गेली, घोडा तसाच.
रेझोल्यूशन उतरवत नेलं,
डोंगर फरशीच्या तुकड्यांचा झाला.
"आता तं बाबाच्या जुन्या मोबाइलवानी दिसून राह्यलं."
मग फायली तपासायला लावल्या.
एक खराब निघाली. एकशे चाळीस एमबी.
रेंजसाठी फोन खिडकीच्या गजाला बांधला.
दोनदा लाइन गेली. तिसऱ्यांदा उतरली.

पाणी निळं झालं. चेहरे आले
(एक दाढीवाला तर हुबेहूब आमचा पोस्टमन देवतळे).
त्रिकोण मात्र हलले नाहीत.
उलट वीस मिनिटं झाली की वाढायचे.
मे महिना, दुपारचे दोन;
आमच्याकडे वीस मिनिटांत काय वाढत नाही?

हात लावला तर झाकण भाजलं.
चार स्क्रू. एक गंजलेला,
त्याच्यापायी सायकलवाल्याकडे जाऊन आलो.
कार्डाच्या पंख्यात बोट घातलं
आणि बोटाला आला पेळू.
खरंच पेळू. मऊ, मळकट, सूत निघेल असा.
त्यांचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून.
हंगामभर उडणारी रुई
खिडकी, पडदा, भाताचं ताट, सगळ्यांना चुकवून
इथं येऊन बसली होती, दोन बोटं जाड.
बर्फाचा डोंगर गादीत शिजत होता.

चिमट्यानं काढली. दाढीचा ब्रश फिरवला.
कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं,
त्याचंच, एका टोकाला चावलेलं.
पेस्ट हिंगणघाटाहून कंडक्टरच्या हाती मागवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोडा पळाला.
अख्खा. चार पाय, शेपूट, नाकातून वाफ.
फेरफारसाठी आलेले दोघं दारात उभे होते,
त्यांनीही तासभर पाहिला.

सुगतनं घोडा तळ्याच्या काठी नेला,
एका दगडाजवळ उतरला,
पुढं गेला, मागं आला, उडी मारली. पुन्हा मारली.
"भाऊ, इथली फट कुठं गेली?"
"कोणती?"
"इथून खाली पडता येत होतं."
"खाली काय होतं?"
त्याला वेळ लागला.
"काईच नाई. खालून पाह्यलं का
नदी चादरीवानी दिसे, घरांना तळ नाई,
घोडे पोटाकडून पोकळ.
अन् थितं कोणी मारायले येत नव्हतं.
मी बसून राहो."

पन्नास रुपये कमी घेतले मी.

खराब फाईल मी पुसली नव्हती.
नाव बदलून ठेवली होती, सवयीनं,
लोकांचे चुकलेले दाखले ठेवतो तशी.
पेनड्राइव्हवर घालून दिली.
कुठं टाकायची ते त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
आणि खाली, दोनदा रेघ मारून:
आधी सेव्ह कर.

रुई अजून टेबलावर आहे, स्टेपलरच्या बाजूला.
पंखा लावला की थोडी सरकते.